टाळी कुठं द्यायची?

प्रश्न : मडगावला एका लग्नात बँडनं 'सोन' हे क्युबाचं लोकसंगीत वाजवलं. भजनाला टाळ धरणारा मी, पण माझी टाळी सारखी चुकत होती. असं का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : चुकलात कारण सम शोधत बसलात! मीही घुमट, म्हणजे चामडं ताणलेलं मातीचं मडकं, वाजवणारा, पहिल्यांदा असाच फसलो. त्रितालाच्या सोळा मात्रा बोटांवर धरा आणि १, ४, ७, ११, १३ वर टाळी द्या. हीच 'क्लावे', दोन लाकडी दांडक्यांवर वाजते. त्यात बास, म्हणजे खर्जातला सूर धरणारं वाद्य, समेची वाटच पाहत नाही, आधीच येऊन बसतो.

सोन पूर्व क्युबाच्या डोंगराळ भागातलं. १९२०च्या दशकात हवानात गाजलं. गिटार नि काव्य स्पेनचं, ठेका गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचा. तारांच्या तीन जोड्यांचं 'त्रेस' हे सोनचं खास वाद्य. गाण्याच्या उत्तरार्धात, 'मोंतुनो'त, गायक ओळ फेकतो, बाकीचे तीच ती ओळ धरून उत्तर देतात. आपले बुवा आणि झीलकरीच म्हणा ना.

पूर्वी बाससाठी मातीची बुधली तोंडानं फुंकत. मडकं पाहून घुमटाशी नातं मात्र जोडू नका, मी जोडलं होतं!