काका कसा गेला, हे तिला कळायला हवंय

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. नीटची तयारी बरी चालली आहे. पण 'मला फॉरेन्सिकच करायचंय, बॉडी तपासायच्यात' असा हट्ट धरून बसली आहे. तीन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ विहिरीत बुडून वारला. तेव्हापासून काका कसा गेला, हेच विचारत असते. घरात तो विषय आम्ही बंद केला आहे. मढ्यांचं काम करणाऱ्या मुलीला स्थळ कुठून येणार? तिच्या डोक्यातून हे खूळ काढा. – एक पालक

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'विषय बंद केला आहे' इथेच अडले. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीचा काका गेला. पाय घसरला, उडी मारली की आणखी काही घडलं, हे तिला कुणी सांगितलं नाही. मोठी माणसं गप्प बसली, म्हणून हे कशातून कळतं ते ती शोधायला लागली. तुम्हाला यात खूळ दिसतं, मला तिची माया दिसते.

आणि तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. विहिरी-नद्यांच्या पाण्यात डायटम नावाची, डोळ्यांना न दिसणारी शेवाळं असतात. त्यांचं कवच सिलिकाचं असतं. जिवंत माणूस बुडतो तेव्हा पाणी फुफ्फुसात जातं, तिथून डायटम रक्तात शिरतात आणि चालू असलेलं हृदय त्यांना हाडांतल्या मज्जेपर्यंत पोचवतं. मृतदेह पाण्यात टाकला तर हे घडत नाही, कारण रक्त फिरवणारं हृदयच थांबलेलं असतं. मांडीच्या हाडातल्या मज्जेत डायटम सापडले आणि ते त्याच विहिरीतल्या डायटमशी जुळले, तर माणूस जिवंतपणी बुडाला याला मोठा आधार मिळतो. सापडले नाहीत म्हणून मात्र उलटं सिद्ध होत नाही. आणि पडला की कुणी ढकललं, हे मज्जा सांगत नाही; त्यासाठी अंगावरच्या जखमा, विहिरीचा काठ, कपडे सगळंच बघावं लागतं.

एक गैरसमज मात्र तुमच्या दोघांचाही आहे. बीएस्सी फॉरेन्सिक करून मृतदेह तपासता येत नाही. आपल्याकडे शवविच्छेदन डॉक्टरच करतात. ते व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त द्रावणात भरून प्रयोगशाळेत पाठवतात, आणि त्यात विष आहे का ते तिथले रसायनतज्ज्ञ शोधतात. तिला देहच तपासायचा असेल, तर आधी एमबीबीएस आणि मग न्यायवैद्यकशास्त्रात (फॉरेन्सिक मेडिसिन) तीन वर्षांचं एमडी. म्हणजे ज्या नीटचा अभ्यास ती आत्ता करते आहे, तीच तिची वाट. प्रयोगशाळेची ओढ असेल, तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक सायन्स) संस्था आहेत, गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे.

स्थळाचं कारण मला मुळीच पटत नाही. ग्रामीण रुग्णालयात नेमणूक झालेल्या साध्या एमबीबीएस डॉक्टर मुलीलाही शवविच्छेदन करावं लागतं. अशी मुलगी सून म्हणून सांगून आली, तर तुम्ही नको म्हणाल?

करिअरचा निर्णय सध्या बाजूला ठेवा. अशा मृत्यूत पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन होतं. सख्खे भाऊ म्हणून अर्ज करून त्या अहवालाची प्रत मागा. ओळखीच्या डॉक्टरांना सोबत घ्या, लेकीला शेजारी बसवा आणि तो तिच्यासमोर वाचा. तुम्हालाही ते जड जाईल, ठाऊक आहे मला. भाऊ तुमचा होता. त्यानंतर मला पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात चार ओळी तिला लिहू द्या.