वाचक विचारतात : हायड्राइड, दाब आणि वजा वारंवारता

प्रश्न : एच३एस या हायड्राइडच्या (हायड्रोजन-गंधक संयुगाच्या) घनाकार (क्यूबिक) रचनेचे फोनॉन, म्हणजे स्फटिकातल्या अणूंची सामूहिक कंपने, क्वांटम एस्प्रेसो या संगणक-प्रणालीत काढले. २०० गिगापास्कलला सगळे ठीक, १५० ला मात्र हायड्रोजनच्या एका शाखेची वारंवारता वजा (म्हणजे काल्पनिक, अस्थिरतेची खूण) येते. प्रयोगात तर याच दाबाच्या आसपास २०३ केल्विनला अतिवाहकता मिळाली आहे. माझे चुकते कुठे?

उत्तर : बहुधा कुठेच नाही. पण आधी वजा आकडा कुठे आहे ते बघा. गॅमा बिंदूजवळच्या (तरंगसदिश शून्य असतो तिथल्या) ध्वनिशाखांत, म्हणजे शेजारचे अणू एकत्र हलतात त्या कंपनांत, किरकोळ वजा आकडा आला तर तो गणितातला गोंगाट असतो. रचना नीट शिथिल झालेली नसते (अणू किमान ऊर्जेच्या जागी बसलेले नसतात), फोनॉनच्या अभिसरणाची मर्यादा सैल असते (१०^-१६ पर्यंत आवळा), नाहीतर ध्वनिशाखांचा बेरीज-नियम (सगळा स्फटिक एकदम सरकला तर वारंवारता शून्य) लावायचा राहिलेला असतो.

तुमची शाखा हायड्रोजनची आहे, म्हणून एक चाचणी करा. त्या कंपनाच्या दिशेने हायड्रोजन ०.०५ अँगस्ट्रॉम सरकवा, सममिती बंद करा आणि दाब तोच ठेवून पुन्हा शिथिल करा. एन्थाल्पी (ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान) उतरली तर अस्थिरता खरी. निदान अणू स्थिर बिंदू मानल्यास. शेजारच्या दोन गंधकांत सुमारे ३ अँगस्ट्रॉम अंतर आणि बरोबर मध्यावर हायड्रोजन. दाब घटला की त्या मध्यावर ऊर्जेचा लहानसा उंचवटा येतो, दोन्ही बाजूंना खळगे पडतात. बिंदूवत् अणू एका खळग्यात घसरतो. खरा हायड्रोजन मात्र इतका हलका, की शून्यबिंदू-कंपनामुळे तो दोन्हीकडे पसरून सरासरीने मध्यावरच राहतो. त्यामुळे अभिजात गणितात सममित रचना १७५ गिगापास्कलपर्यंतच टिकते, क्वांटम गणितात १०३ पर्यंत.

यासाठी एसएससीएचए ही अणूंची क्वांटम आणि अहार्मोनिक कंपने धरणारी पद्धत वापरा. २×२×२ महाकोशात (स्फटिकाचा मूळ कोश प्रत्येक दिशेने दुप्पट करून) ३२ अणू होतात. एक खोच लक्षात ठेवा : तिथले साहाय्यक फोनॉन (गणितासाठी धरलेली आदर्श कंपने) व्याख्येनेच धन असतात. ते पाहून ‘रचना स्थिर’ म्हणणे ही नेहमीची फसगत. निकाल मुक्त ऊर्जेच्या हेसियनवरून (दुसऱ्या अवकलजांच्या सारणीवरून) द्यायचा.

प्रश्न : २०० गिगापास्कलला लॅम्डा (इलेक्ट्रॉन-फोनॉन जोडणीचे बळ) २.१९ आणि लघुगणकी सरासरी वारंवारता १३३५ केल्विन आली. अतिवाहकतेचे तापमान देणाऱ्या ॲलन-डाइन्स सूत्रात म्यू-स्टार (इलेक्ट्रॉनांतल्या प्रतिकर्षणाचे माप) ०.१० घेतला तर २०४ केल्विन, ०.१३ घेतला तर १९१. कोणता आकडा छापू?

उत्तर : दोन्ही छापा, पण प्रयोगातल्या २०३ शी ही जुळणी पाहून हुरळू नका. लॅम्डा १.५ च्या वर गेला की सूत्रातले एफ१ आणि एफ२ हे दुरुस्तीचे गुणक गाळता येत नाहीत. नुसत्या एफ१ ने २०४ चे सुमारे २३४ होतात! उलट बाजूने, हार्मोनिक गणित (अणू आदर्श स्प्रिंगवर आहेत असे मानणारे) मऊ, म्हणजे कमी वारंवारतेच्या, फोनॉनमुळे लॅम्डा फुगवते, कारण तो वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. याच दाबाच्या एका प्रकाशित गणितात अहार्मोनिकता धरल्यावर लॅम्डा २.६४ वरून १.८४ वर आला. म्हणजे तुमच्या २०४ मध्ये दोन चुका एकमेकींना झाकत असाव्यात.

स्मिअरिंगही (इलेक्ट्रॉनांच्या पातळ्यांना गणितात दिलेली रुंदी) तपासा. एच३एसमध्ये फर्मी पातळीजवळच (भरलेल्या पातळ्यांच्या वरच्या सीमेजवळ) अवस्था-घनतेचे, म्हणजे त्या ऊर्जेला किती इलेक्ट्रॉन-अवस्था आहेत त्याचे, टोकदार शिखर आहे. ०.०२ रिडबर्ग म्हणजे ०.२७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, एवढ्याने ते शिखर सपाट होते. दोन वेगवेगळ्या के-जाळ्यांवर (इलेक्ट्रॉनांच्या तरंगसदिशांच्या नमुना-बिंदूंवर) लॅम्डा विरुद्ध स्मिअरिंग असा आलेख काढा आणि दोन्ही रेषा जिथे एकमेकींवर बसतात तिथला आकडा घ्या. त्यानंतर सूत्राऐवजी एलियाशबर्ग समीकरणे (अतिवाहकतेचे पूर्ण गणित) सोडवा.

प्रश्न : कोश शिथिल केल्यावर पुन्हा गणित केले तर दाब काही गिगापास्कलने वेगळा दिसतो. असे का?

उत्तर : कोश बदलला, पण इलेक्ट्रॉन ज्यांतून मांडले जातात त्या समतल तरंगांचा संच सुरुवातीच्या कोशाचाच राहिला. कटऑफ (त्या तरंगांच्या ऊर्जेची वरची मर्यादा) वाढवा, शेवटच्या रचनेपासून पुन्हा शिथिल करा.