ख्रिस्ती माणसानं चाळिशीनंतर सिनेमा-क्रिकेट सोडावं का?

पाळकांनी तुम्हाला बायबलमधल्या, प्रेषित पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं 13:11 वाचून दाखवलं, की प्रौढ झालो तेव्हा पोरपण टाकलं. म्हणून आता टीव्ही बंद करायचा का, असं तुम्ही विचारताय. मला तरी त्या वचनातून हे निघताना दिसत नाही. करिंथ या ग्रीक शहरातली मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, कुणाचं कृपादान (देवानं दिलेली खास देणगी) मोठं यावरून भांडत होती. पौलाला पोरपण दिसलं ते तिथं. पुढच्याच अध्यायात (14:20) तो सांगतो, वाईटपणात तान्ही लेकरं राहा, समजुतीत मोठे व्हा. अन् नवव्या अध्यायात तर शर्यतीचा, मुष्टियुद्धाचा दाखला देतो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरायचे, ऐकणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक होतं. खेळाचं त्याला एवढं वावडं असतं तर दाखला दुसरा दिला असता.

तर्तुल्यनासारख्या जुन्या ख्रिस्ती लेखकांनी रोमी खेळांवर झोड उठवली होती, खरंय. पण तिथं करमणूक म्हणून माणसं मारत. आयपीएलला ते लावू नका.

आमच्या जालन्यात मंडळीच्या कमिटीवर एक रिटायर्ड मास्तर आहेत. नाताळच्या नाटकात बाळ येशूच्या जिवावर उठलेला हेरोद राजा दरवर्षी तेच. बायकोचा जरीचा शालू खांद्यावर, काजळाच्या मिशा. "कुठंय तो राजा?" म्हणून ओरडले की सतरंजीवरची लेकरं किंचाळत आयांच्या मागं दडतात. उपवास-प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी हजर असतात तेही हेच मास्तर. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण भजन-कीर्तनाचा नाद सोडला नाही, उलट तेच मंडळीत आणलं. त्यांची भजनं आम्ही आजही टाळ-ढोलकीवर म्हणतो, म्हातारे सगळ्यात जोरात!

मला खरी काळजी वाटते ती मोबाईलची. रात्री प्रार्थना करून आडवं व्हायचं, रील बघता बघता एक वाजतो, मग सकाळी बायबल कुठलं उघडतंय? मोकळीक आहे, पण मी कशाच्याच ताब्यात जाणार नाही, असं पौल त्याच पत्रात 6:12 मध्ये म्हणतो. ते माप लावून बघा. ते दहावीच्या पोरालाही लागू अन् आजोबालाही. मॅचपायी रविवारची उपासना बुडायला लागली, सिरियलमधली भांडणं स्वयंपाकघरात यायला लागली, तर खुशाल बंद करा.

पाळकांशी मात्र वाद घालू नका. घरी चहाला बोलवा, त्या पत्राचे बारा ते चौदा अध्याय सोबत बसून वाचा. कदाचित त्यांचा रोख सिनेमावर नसेलच, रविवारी रिकाम्या दिसणाऱ्या तुमच्या जागेवर असेल.