वडील निवृत्त झाले, खोली सोडायची की नाही?

प्रश्न: माझे वडील मुंबई महापालिकेत सफाई कामगार होते. ३४ वर्षं नोकरी करून आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. पी.टी. केसमध्ये (वारसाला नोकरी देण्याच्या पद्धतीने) त्यांच्या जागी मी लागलो. आम्ही दादरजवळच्या वसाहतीत वडिलांच्या नावावरच्या खोलीत राहतो, माझी हजेरी चौकी मुलुंडला आहे. खोली रिकामी करण्याची कारणे दाखवा नोटीस आली आहे आणि वडिलांची ग्रॅच्युइटी अडली आहे. वसाहतीतले लोक म्हणतात, सोडू नका, आश्रय योजनेत मालकीचं घर मिळेल. आईचंही तेच मत आहे. बायकोला वाटतं, डोंबिवली किंवा बदलापूरला भाड्याने घर घ्यावं. मुंबईबाहेर राहिलं तर नोकरीला धोका आहे का? काय करावं?

उत्तर: आधी नोटिशीचं उत्तर द्या, बाकी सगळं नंतर. तुम्ही पाठवलेल्या फोटोत उत्तराची तारीख स्पष्ट दिसते. ती चुकली तर पुढचा आदेश तुमचं म्हणणं न ऐकताच निघेल.

तुमच्या आईची भावना मला कळते. त्या लग्न होऊन याच खोलीत आल्या, मुलं इथेच झाली. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, वीजबिल सगळं याच पत्त्यावर. पण कायद्याच्या नजरेत या कागदांनी तुम्ही तिथे राहता एवढंच सिद्ध होतं, खोली तुमची आहे हे नाही. सेवा सदनिका नोकरीसोबत मिळते. वडील तिथे महापालिकेच्या परवानगीने राहत होते आणि नोकरी संपली तशी परवानगीही संपली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना लागू नाही, म्हणून आपण भाडेकरू आहोत असं म्हणून लघुवाद न्यायालयात जाण्यात अर्थ नाही. किती वर्षं राहिलो हा मुद्दाही टिकत नाही. गोव्यातल्या एका घराच्या वादात (मारिया मार्गारिडा सिक्वेरा फर्नांडिस प्रकरण) सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट सांगितलं की राखणदार किंवा नोकर म्हणून राहणाऱ्याचा, कितीही वर्षं लोटली तरी, जागेवर हक्क निर्माण होत नाही.

म्हणून कोणी काहीही सांगितलं तरी कुलूप लावून बसू नका. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम १०५अ पासून पुढच्या तरतुदींनी महापालिकेला स्वतःची जागा रिकामी करून घेण्याचा आणि अनधिकृत राहिलेल्या काळाची नुकसानभरपाई वसूल करण्याचा अधिकार दिला आहे. या तरतुदी घटनाबाह्य आहेत असा दावा झाला होता. मगनलाल छगनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली तो फेटाळला. मात्र नोटीस, म्हणणं मांडायची संधी आणि लेखी आदेश हा क्रम पाळावाच लागतो. आदेश विरोधात गेला तर नगर दिवाणी न्यायालयाच्या प्रधान न्यायाधीशांकडे किंवा त्यासाठी नेमलेल्या न्यायिक अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. त्याची मुदत आदेश हाती पडल्यापासून ३० दिवस आहे. कागद घेताना सहीपुढे तारीख घाला, पोचप्रतीवरही.

आता आश्रय योजना. महापालिकेने सफाई कामगारांच्या ३९ वसाहतींचा पुनर्विकास हाती घेतला आहे, तोसुद्धा सेवा सदनिका म्हणूनच. घरं मालकीने द्या ही कामगारांची मागणी जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते. ज्यांनी सगळ्या शहराचा कचरा उचलला त्यांना निवृत्तीनंतर याच शहरात छप्पर नसावं, हे मनाला पटत नाही. पण मागणी म्हणजे हक्क नव्हे. आज त्या आशेवर खोली धरून ठेवली तर रोज दंडनीय भाडं (परवानगी संपल्यावर राहिल्याबद्दलचं जादा भाडं) चढेल. राज्य सरकारची डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात २५ वर्षं सेवा झालेल्या सफाई कामगाराला मालकीने घर देण्याची तरतूद आहे. वडिलांची सेवा त्याहून जास्त आहे, तेव्हा त्यांच्या नावे अर्ज जरूर करा. मात्र अर्ज दिला म्हणून सध्याच्या खोलीत राहण्याचा अधिकार मिळत नाही.

ग्रॅच्युइटीबद्दल वडिलांना सांगा की ती त्यांच्या कष्टाची कमाई आहे, खैरात नाही. झारखंड सरकार विरुद्ध जितेंद्रकुमार श्रीवास्तव प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन आणि ग्रॅच्युइटीला मालमत्ता मानलं, नियमाचा आधार नसताना ती अडवता येत नाही असं ठरवलं. पण त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये, स्टील अथॉरिटीच्या एका प्रकरणात, निवृत्तीनंतर क्वार्टर न सोडणाऱ्याचं दंडनीय भाडं ग्रॅच्युइटीतून वळतं करायला मुभा दिली. तेव्हा खोली सोडणं जितकं लांबवाल तितकी ती रक्कम झिजेल. आठ महिन्यांच्या दंडनीय भाड्याचा हिशोब लेखी मागा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुम्ही पाठवलेल्या पगारपत्रकात एक गोष्ट मला खटकली. वरून चौथ्या ओळीत घरभाडे भत्ता जमा झालेला आहे. महापालिकेनेच वडिलांना दिलेल्या घरात राहून तुम्ही भत्ता घेत आहात, आणि हे साधारणपणे नियमात बसत नाही. आजवर कोणी विचारलं नसेल, पण खोलीची फाईल उघडली की हे दिसणारच. पंजाब सरकार विरुद्ध रफीक मसीह (२०१४) या निकालाने तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून चुकून दिलेल्या जादा रकमेच्या वसुलीवर मर्यादा घातली आहे, मात्र कर्मचाऱ्याने माहिती दडवली असेल तर तो आधार राहत नाही. खात्याने शोधून काढण्याआधी तुम्हीच लेखी कळवा. आस्थापनेच्या लिपिकाला तोंडी सांगून काही होत नाही.

खोली ठेवायचीच असेल तर सरळ मार्ग एकच. ती तुमच्या स्वतःच्या नावे वाटप करावी असा अर्ज घनकचरा व्यवस्थापन खात्याकडे द्या आणि नोटिशीच्या उत्तरात त्याचा आवक क्रमांक लिहा. तुम्ही स्वतः सफाई कामगार आहात हा तुमचा खरा आधार, वडिलांचा मुलगा असणं नव्हे. नोकरी पी.टी. केसमध्ये मिळाली म्हणून खोलीही वारसाने येते असं उत्तरात लिहू नका. वाटप झालं तर घरभाडे भत्ता थांबेल आणि खोलीचं परवाना शुल्क पगारातून कापलं जाईल.

मुंबईबाहेर राहिल्याने नोकरी जाते का, तर नाही. भारतात कुठेही राहण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम १९(१)(इ) मध्ये आहे. घरभाडे भत्ताही साधारणपणे नेमणुकीच्या ठिकाणावरून ठरतो, राहत्या पत्त्यावरून नाही. म्हणजे मुलुंडला हजेरी असताना बदलापूरला राहिलात तरी मुंबईचाच दर मिळेल. अट एवढीच की सकाळची हजेरी चुकता कामा नये आणि नवा पत्ता खात्यात नोंदलेला असावा. पावसाळ्यात लोकल बंद पडली म्हणून गैरहजर राहिलात तर मुकादम समजून घेईल, नियम घेईलच असं नाही.

माझं मत विचाराल तर वाटपाचा अर्ज द्या, आणि नोटिशीच्या उत्तरातच लिहून द्या की अर्ज नामंजूर झाल्यास अमुक दिवसांत ताबा देऊ. दरम्यान डोंबिवलीत घर बघायला सुरुवात करा. मुलुंडसाठी बदलापूरपेक्षा ते बरंच जवळ पडेल. भाडेकरार नोंदणीकृतच करा. ताबा देण्याची वेळ आली तर वीजमीटरचं शेवटचं रीडिंग आणि रिकाम्या खोलीचे फोटो घ्या, आणि किल्ली देताना अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याची ताबापावती घ्या. ग्रॅच्युइटीच्या अर्जाला तीच जोडायची आहे.