पहिल्यांदा आकाबेको करताना

आपण पहिल्याच प्रयत्नासाठी जपानमधील फुकुशिमातील आइझू भागाचा आकाबेको, म्हणजे मान हलवणारा तांबडा कागदी बैल, निवडलात याचा मनापासून आनंद झाला. तूर्त रंगांची चिंता करू नका. या खेळण्याचा जीव कागदात आणि मानेत आहे.

हा हारिको, म्हणजे साच्यावर कागद चिकटवून पोकळ वस्तू करण्याचा जपानी प्रकार आहे. आपल्याकडे मूर्तीसाठी कागदाचा लगदा करतात तसा येथे करायचा नसून, लाकडी साच्यावर वाशी या जपानी हातकागदाचे तुकडे खळीने एकावर एक चिकटवायचे, ते वाळल्यावर सुरीने चिरून साचा काढायचा आणि चीर पुन्हा कागदानेच सांधायची असते. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे घाई. वरून कोरडा वाटणारा थर आतून ओला असतो, आणि तसाच सोडवला तर पोट आत बसते. पावसाळ्यात तर दुप्पट धीर धरा. टिचकी मारल्यावर टणक, पोकळ आवाज आला की समजावे, वाळला.

दुसरी चूक मानेची. डोके दोऱ्याने धडाच्या पोकळीत टांगलेले असते आणि मानेच्या आतल्या टोकाला तोल साधणारे वजन असते. दोरा ताणून बांधला किंवा मान कडेला घासली, तर ती डोलत नाही. म्हणून रंगापूर्वीच तोल पाहून घ्या.

शिंपल्यांच्या पुडीचा पांढरा गोफुन लेप, त्यावर तांबडा रंग आणि देवीच्या रोगाशी जोडले जाणारे काळे ठिपके यांविषयी, पहिला बैल नीट डोलू लागला की सविस्तर लिहीन.