मेकॅनिकल डिप्लोमा, क्वालिटीत ३ वर्षं, महाप्याला इंटरव्ह्यू आहे. इंग्रजी कच्चं आहे. ठाण्यातल्या कोचिंगला १८,००० रुपये भरावेत का?

नका भरू. निदान या इंटरव्ह्यूसाठी तरी नका.

तुम्ही लिहिलंय की वागळे इस्टेटमधल्या जॉब वर्कच्या शॉपात इन्स्पेक्शन बघता, त्याआधी ८ महिन्यांची गॅप आहे, पगार किती मागावा कळत नाही, आणि कोचिंगवाले ‘कम्युनिकेशन आणि पर्सनॅलिटी’ सुधारून देणार आहेत. यातली पहिली गोष्ट, म्हणजे तुमचं शॉपातलं काम, हीच तुमची तयारी. आणि कोचिंगमध्ये नेमकं तेच कुणी तपासणार नाही, कारण शिकवणाऱ्याने बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन) आयुष्यात हातात धरलेलं नसतं.

‘पोरांना इंग्रजी येत नाही म्हणून नोकऱ्या अडतात’ या विषयावर माझा एचआरमधल्या एका सहकाऱ्याशी जुना वाद आहे. त्या वादातलं माझं हुकमी उदाहरण म्हणजे दिव्याहून इंटरव्ह्यूला आलेला एक मुलगा. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’वर दोन वाक्यं बोलला आणि अडकला. सहकाऱ्याने फाइल मिटलीच होती. मग मी त्याला मराठीत विचारलं, शेवटचं मोठं रिजेक्शन कशाचं झालं होतं?

पोरगं सुटलं. ॲल्युमिनियमचं हाउसिंग, बोअर (आतलं भोक) २५ एच७. म्हणजे २५.००० ते २५.०२१, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) अवघा २१ मायक्रॉनचा. मशीनवर मोजलं की ओके, कस्टमरकडे गेलं की गो गेज (चांगल्या पीसमध्ये आत गेलंच पाहिजे असं गेज) आत जाईना. ऑपरेटर म्हणे कस्टमरचं गेज खराब, सुपरवायझर म्हणे इन्सर्ट (टूलची कापणारी टीप) झिजलंय. याने ५ पीस नंबर टाकून बाजूला काढले. मशीनवरून उतरल्या उतरल्या मोजले, मग इन्स्पेक्शन रूममध्ये तास-दोन तास ठेवून पुन्हा मोजले. गरम पीसवर २५.००८ येत होतं, थंड झाल्यावर २४.९९४. इन्सर्ट झिजलं असतं तर बोअर पीसमागे पीस हळूहळू लहान होत गेला असता. इथे पाचही पीस सारख्याच अंतराने सरकले होते. हिशेब सरळ आहे. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशामागे साधारण २३ मायक्रॉन फुगतं. पीस ४५ अंशांवर, रूम २० वर, फरक २५ अंशांचा. २५ मिलिमीटर व्यासाला सुमारे १४ मायक्रॉन. टॉलरन्समधले दोन तृतीयांश नुसत्या उष्णतेने खाल्ले.

मग उपाय काय केला? पीस थंड झाल्यावरच मोजायचा आणि ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) थंड मापावरून द्यायचा. पण थंड माप मधोमध, म्हणजे २५.०१० ठेवायचं तर गरम पीसवर २५.०२४ दिसतं. ते ड्रॉइंगच्या बाहेर, त्यामुळे ऑपरेटर घाबरून ऑफसेट परत मागे घ्यायचा. म्हणून या पोराने गरम माप आणि थंड माप असा दोन रकान्यांचा कागद मशीनला चिकटवला आणि सेटिंग बदलायचा अधिकार फक्त शिफ्ट इन्चार्जकडे ठेवायला लावला. हे शेवटचं त्याने सांगितलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं. तांत्रिक कारण पुस्तकात सापडतं. ऑपरेटर ऑफसेट परत फिरवतो हे शॉपमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

सहकारी म्हणाला, “कस्टमरच्या कॉलवर हा काय बोलणार?” अहो, कस्टमर कॉलवर आकडा विचारतो, आणि आकडा याच्याकडे होता. घेतला त्याला. वाद मात्र अजून मिटलेला नाही, म्हणूनच इतकं लिहितोय.

तर आता तुमचं. एक वही घ्या आणि ३ वर्षांतले असे ६ प्रसंग लिहून काढा: एक मोठं रिजेक्शन, एक कस्टमर कंप्लेंट, एकदा गेज किंवा इन्स्ट्रुमेंटने फसवलं ते, एक ड्रॉइंग रिव्हिजन जी शॉपपर्यंत उशिरा पोचली, प्रॉडक्शनशी झालेलं एक भांडण, आणि तुम्ही स्वतः सुचवून अमलात आणलेला एक बदल. प्रत्येकात पार्ट, डायमेन्शन, टॉलरन्स, किती पीस, आधी संशय कशावर होता, तो संशय खरा नाही हे कसं ठरवलं, काय बदललं आणि महिनाभराने काय दिसलं, एवढं हवं. ‘संशय कसा खोडला’ हा भाग नव्वद टक्के मुलं गाळतात. आम्ही नेमकं तेच ऐकायला बसलेलो असतो. प्रसंग मराठीत लिहा, मोठ्याने बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. दोन मिनिटांच्या वर गेला की कापा. मराठीत सुटसुटीत झाला की मगच इंग्रजीत आणा. उलट्या क्रमाने केलं की पाठांतर होतं, आणि पाठांतर पहिल्या उलट्या प्रश्नाला कोसळतं.

उलटे प्रश्न कसे येतात ते सांगतो. तुम्ही बोअरचं रिजेक्शन सांगितलंत की लगेच येणार: कशाने मोजलं? ‘व्हर्नियरने’ म्हणालात तर इंटरव्ह्यू तिथेच संपला. व्हर्नियरचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन. २१ मायक्रॉनचा टॉलरन्स त्याने मोजणं म्हणजे रव्याची चाळणी लावून मैदा चाळणं. इन्स्ट्रुमेंटचा लीस्ट काउंट टॉलरन्सच्या दहाव्या हिश्शाएवढा हवा हा शॉपमधला नियम. इथे १ किंवा २ मायक्रॉनचा डायल लावलेलं बोअर गेज, मास्टर रिंगवर (जिचा व्यास अचूक माहीत असतो अशा रिंगवर) सेट केलेलं. मग पुढचा प्रश्न: रिंगचं कॅलिब्रेशन कधी झालं होतं, आणि सर्टिफिकेटवर एरर किती होती? हे तुम्हाला आज माहीत नसेल तर उद्या शॉपात जाऊन फाइल उघडा. फुकट आहे.

एमएसए, म्हणजे तुमच्या मोजण्यावर किती विश्वास ठेवायचा याची तपासणी, विचारतील. आर अँड आर (तोच पीस पुन्हा किंवा दुसऱ्याने मोजल्यावर येणारा फरक) १० टक्क्यांच्या आत चांगलं, १० ते ३० परिस्थिती बघून, ३० च्या वर इन्स्ट्रुमेंट किंवा मोजण्याची पद्धत बदला. एवढं सगळ्यांनाच पाठ असतं. ‘तुमच्याकडे किती आलं आणि का’ हे कुणालाच नसतं. सीपीके (प्रोसेस लिमिटच्या आत किती ऐसपैस बसते त्याचा आकडा) १.३३ चंही तसंच. सरासरीपासून जवळची लिमिट ४ सिग्मा दूर, हे समजून सांगता आलं पाहिजे. तुमच्या शॉपात एसपीसी (मापांच्या आलेखावरून प्रोसेसवर लक्ष ठेवणं) करतच नसतील तर ‘करत नाही’ म्हणा आणि एखाद्या डायमेन्शनचे ५० पीस स्वतः मोजून आलेख काढून न्या. एफएमईएमध्ये (काय बिघडू शकतं याचा आधीच केलेला विचार) आरपीएन, म्हणजे धोक्याचा गुणाकाराने काढलेला आकडा, पाठ केलं असेल तर २०१९ च्या हँडबुकमध्ये त्याच्या जागी ॲक्शन प्रायॉरिटी (उपाय किती तातडीचा ते) आलीय हेही बघून ठेवा. ऑटोमोटिव्ह कस्टमर असलेल्या कंपनीत हे हमखास निघतं.

‘स्वतःबद्दल सांगा’ला चार वाक्यं पुरतात: कुठला डिप्लोमा, कुठल्या प्रकारचे पार्ट आणि मशीन, सध्या नक्की काय बघता, आणि हीच जागा का. वडील काय करतात, हॉबी काय, ‘आय ॲम हार्डवर्किंग’, हे सगळं काढून टाका.

पगार. इथे बहुतेक जण सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ऐकून खूश होतात आणि पहिल्या महिन्याच्या स्लिपला रडतात. समजा ६ लाख सीटीसी म्हणाले. बाराने भागून ५०,००० हातात असं धरू नका. १० टक्के व्हेरिएबल (कामगिरी बघून मिळणारा भाग) असेल तर ६०,००० तिथेच बाजूला. बेसिक निम्मं, म्हणजे महिना २५,०००. त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के, वर्षाला ३६,०००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, १४,४३०. मेडिक्लेमचा हप्ता साधारण ९,५७० धरा. हे सगळं सीटीसीतच मोजलेलं असतं. उरले ४,८०,०००, महिना ४०,०००. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की खात्यात ३६,८००. म्हणून एचआरला विचारायचं ते असं: फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, ते कधी मिळतं, पीएफ पूर्ण बेसिकवर कापता की १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,८००? आणि सगळ्यात आधी: पेरोल कंपनीचं की कॉन्ट्रॅक्टरचं? महापे, रबाळे, पावणे या पट्ट्यात गेटवर कंपनीचं नाव एक आणि सॅलरी स्लिपवर दुसरंच, हे सर्रास चालतं. ते बेकायदाच असतं असं नाही, पण मग आकडा तसा मागा.

किती मागावा? सध्याच्या हातात येणाऱ्या रकमेवर २५ ते ३० टक्के, आणि तो आकडा तुम्ही आधी बोलू नका. ‘या जागेसाठी तुमची रेंज काय आहे’ असं विचारा. दुसऱ्यांदा विचारलं तर मात्र सरळ एक आकडा सांगा; ‘ॲज पर कंपनी नॉर्म्स’ म्हणालात की नॉर्म्समधला तळचा आकडा मिळतो.

कागद: शेवटच्या ३ महिन्यांच्या स्लिप, ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, डिप्लोमाच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट. तुमच्या शॉपात २० पेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ कायदा बहुधा लागूच नसेल आणि यूएएनवर (पीएफच्या नंबरावर) काहीच दिसणार नाही. मग लेटरहेडवर तारखांसकट अनुभवाचं पत्र आजच मागून ठेवा. राजीनामा दिल्यावर मालकाचा हात आखडतो. पीएफ कापत असतील तर पोर्टलवरच्या सर्व्हिस हिस्टरीतल्या तारखा बायोडेटाशी जुळतात का ते बघा. व्हेरिफिकेशनवाले तिथूनच पकडतात.

पोचायचं कसं? ठाण्याहून नऊ-दहा नंबरवरून ट्रान्सहार्बर पकडा, घणसोली किंवा कोपरखैरणेला उतरा, पुढे रिक्षा. पत्त्यात नुसतं ‘टीटीसी इंडस्ट्रियल एरिया’ असेल तर आधी फोन करून गेटजवळची खूण विचारा, कारण हा पट्टा दिघ्यापासून पार नेरूळकडे पसरलाय आणि प्लॉट नंबरवरून रिक्षावाल्याला काही कळत नाही. घोडबंदरकडे राहत असाल तर स्टेशनपर्यंतचाच वेळ दुप्पट धरा. सेफ्टी शूज घालून जा. शॉप राउंड दिला तर ते आत कामाला येतात, आणि नाही दिला तरी बिघडत नाही.

आता थोडं माझ्याच विरुद्ध. जागा कस्टमर क्वालिटीची असेल, परदेशी कस्टमरला ८डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारे) पाठवायचे असतील, तर लेखी इंग्रजी खरंच लागतं. तिथे माझा सहकारी बरोबर आहे, हे त्याला सांगू नका. पण त्यासाठीही १८,००० चा कोर्स नको. तुमच्या ६ प्रसंगांपैकी दोन ८डीच्या फॉरमॅटमध्ये इंग्रजीत लिहा आणि एखाद्या सिनियरकडून लाल पेनने तपासून घ्या. दुसरं, प्रसंग सांगताना सध्याच्या कस्टमरचं नाव घेऊ नका आणि ड्रॉइंगचा फोटो मोबाइलवर दाखवू नका. जो त्यांचं दाखवतो तो उद्या आमचंही दाखवेल, असं टेबलापलीकडचा लगेच धरतो. फ्रेशर असता तर यातलं निम्मं उत्तर बदललं असतं.

गॅपचं राहिलं. ८ महिने म्हणजे फार नाही. खरं कारण एका वाक्यात सांगा, त्या काळात काही शिकला असाल तर दुसरं वाक्य, आणि थांबा. तारखा ओढून-ताणून गॅप बुजवू नका. आणि नवं ऑफर लेटर मेलवर आल्याशिवाय, त्यावरचा सीटीसीचा तक्ता वर सांगितला तसा सोडवून बघितल्याशिवाय वागळेच्या शॉपात राजीनामा टाकू नका.