एकच गाणं बावीस वेळा कशाला ऐकायचं?

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या भावाने मला ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडच्या कार्यक्रमांनी भरलेला पेनड्राइव्ह दिला. त्यात ‘डार्क स्टार’ हे एकच गाणं बावीस वेळा आहे! यात एवढं काय आहे? आणि हे चोरून केलेलं रेकॉर्डिंग तर नव्हे? – एक वाचक, सांगली

उत्तर : चोरून नाही हो, अगदी उघड. लोक टेप करतात म्हटल्यावर या बँडने १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्यासाठी वेगळी जागाच काढून दिली, साउंडवाल्याच्या मागे. अट एकच : टेप विकायची नाही. मग कोऱ्या कॅसेटी आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा, समोरचा कॉपी करून धाडायचा. कधी न भेटलेल्या माणसांचा हा व्यवहार वर्षानुवर्षं चालला.

आता बावीस वेळा का? १९६८ साली हे गाणं रेकॉर्डवर आलं ते जेमतेम पावणेतीन मिनिटांचं. २७ ऑगस्ट १९७२ ला ओरेगॉनमधल्या वेनेटा गावी तेच अर्ध्या तासावर गेलं. एकाच भीमसेनांचा पुरिया तुम्ही किती मैफलींतून ऐकलात, आठवून पाहा. तसंच आहे हे. सुमारे २,३०० कार्यक्रम झाले, पण आज काय वाजणार हे आदल्या रात्रीवरून सांगता येत नसे. म्हणून तर ‘डेडहेड’ मंडळी गावोगाव त्यांच्या मागून फिरायची. तिकीट नसलेला माणूस पार्किंगमध्ये एक बोट वर करून उभा राहायचा; कुणीतरी फुकट तिकीट देईल या आशेवर. मिळायचंही.

सुरुवात वेनेटापासूनच करा. सगळे तुम्हाला ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम सांगतील. तो सुरेखच आहे, पण मला जरा जास्तच इस्त्रीचा वाटतो. वेनेटाचा कार्यक्रम एका डेअरीच्या मदतीसाठी होता. ऊन असं की गिटारी उतरत होत्या, आणि तरी बँडचा गिटारवादक जेरी गार्सिया वाजवतोय. उतरलेल्या तारेवर गाणं कसं सावरतात ते त्यात ऐका.

ड्रम्सचा भाग आला की पुढे पळवू नका. बँडचा ड्रमर मिकी हार्टने तबलानवाज अल्लारखाँसाहेबांकडे धडे घेतले होते, आणि १९७६ साली ‘डिगा ऱ्हिदम बँड’मध्ये तो आपल्या माहीमच्या झाकीरभाईंबरोबर वाजवत होता. ‘ग्रेटफुल डेड’चं एक गाणं तर अकरा मात्रांत आहे, नावही ‘द इलेव्हन’. टाळी धरून बघा, मजा येते.

माझं म्हणाल तर नोकरीनिमित्त तिकडे असताना, १९९३ च्या हिवाळ्यात ओकलंडला त्यांच्या कार्यक्रमाला एकदाच गेलो. चुकून टेपवाल्यांच्या गर्दीत शिरलो. डोक्यावर मायक्रोफोनच्या काठ्यांचं बन, खाली मांडीवर डेक घेऊन बसलेली माणसं, आणि एवढ्या गदारोळात आपापसांत मात्र कुजबूज. गार्सियाने एक सूर लांबवला आणि नेमका मला खोकला आला. शेजारच्या दाढीवाल्याने असं बघितलं की विचारू नका. निघताना मात्र त्यानेच पत्ता मागितला, आणि महिन्याभराने दोन कॅसेटी घरी आल्या. दुसरीच्या बी बाजूला माझा खोकला स्पष्ट ऐकू येतो. वर पेन्सिलीने त्याची वेळही लिहिली आहे.